हेड गॅस्केट बदलल्यावर इंजिन बसलं तर: दुसऱ्यांदा हेड उतरवण्याआधीची तपासणी

हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि तो व खालचा ब्लॉक यांच्यामध्ये दाबून बसतं ते हेड गॅस्केट. हेडचं काम करून गाडी गॅरेजबाहेर पडते आणि थोड्याच दिवसांत टोचनला लागून परत येते. अशा वेळी पहिला आळ गॅस्केटवर येतो: डुप्लिकेट निघालं. मालकाला तसं वाटतं आणि मेकॅनिकच्याही ते सोयीचं असतं. खरं तर नवं गॅस्केट आपणहून क्वचितच दगा देतं. बहुतेक वेळा पहिलं गॅस्केट ज्या कारणानं उडालं ते कारण तसंच राहिलेलं असतं, नाहीतर हेड उतरवता-बसवताना जे काही सुटलं आणि जोडलं गेलं त्यात काहीतरी चुकलेलं असतं. यातलं बरंचसं हेडला हात न लावता कळतं. घाईनं हेड उतरवलं तर मात्र पुरावाच हातचा जातो. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजता येत नाही, टायमिंगचे मार्क (क्रँक आणि कॅम जुळवायच्या खुणा) जुळले होते का ते कळत नाही, पाण्याचं प्रेशर कुठून सुटत होतं तेही सांगता येत नाही.

इथे डोळ्यांसमोर दोन प्रकारची इंजिनं आहेत. एक मारुती ८०० सारखं छोटं, टायमिंग बेल्टवालं पेट्रोल इंजिन. दुसरं स्विफ्ट डिझेल, व्हिस्टा, पुंटो यांत आलेलं फियाटचं १२४८ सीसीचं, चेनवालं मल्टिजेट डिझेल. बाकीच्या गाड्यांनाही हीच पद्धत लागू होते, फक्त आकडे त्या-त्या मॅन्युअलमधून घ्यायचे.

सेल्फ मारणं थांबवा

इंजिन बंद पडलं किंवा चालूच होत नसलं की माणूस किल्ली फिरवत राहतो. हेडच्या कामानंतर हे फार महागात पडतं. सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असेल तर सेल्फच्या जोरानं कनेक्टिंग रॉड वाकतो. टायमिंग चुकलेलं असेल तर व्हॉल्व्ह वाकतात. ऑइल वर पोहोचत नसेल तर व्हॉल्व्ह उघडणारा हेडमधला कॅम खरवडला जातो.

आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि तीन गोष्टी बघा: डिपस्टिक, रेडिएटरमधलं पाणी, ऑइलचं झाकण. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं ऑइल दिसलं किंवा पातळी भरल्यापेक्षा वर गेलेली असली तर पाणी आत गेलंय. फक्त झाकणाखाली पिवळसर साय दिसली तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत वाफ धरूनही ती साय जमते. उलटही होतं: पहिल्या वेळी ऑइलमध्ये पाणी गेलं होतं आणि हेड बसवल्यावर ऑइल एकदाच बदललं, तर उरलेलं पाणी नव्या ऑइललाही दुधाळ करतं. म्हणून कामाच्या वेळी ऑइल किती वेळा बदललं हे विचारून घ्या.

याच वेळी मालकाला आणखी दोन प्रश्न विचारा. पहिल्या वेळी गाडी किती तापली होती, काटा लाल रेषेला टेकल्यावर लगेच थांबवली की तशीच घरापर्यंत रेटली? आणि हेड लेथवाल्याकडे गेलं होतं का, गेलं असेल तर नुसतं फेसिंग (घासून सपाट करणं) झालं की तडा शोधायची प्रेशर टेस्टही? उरलेल्या तपासणीची दिशा या उत्तरांवरून अर्धीअधिक ठरते.

इंजिन फिरतच नाही

किल्ली फिरवली, ‘टक्’ झालं आणि पुढे काही नाही. यात आधी सर्वात स्वस्त कारण तपासायचं: अर्थिंगची पट्टी. हेड उतरवताना इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची वायर सोडतात आणि बसवताना ती विसरणं फार सोपं असतं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि मदतनिसाला क्षणभर किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर दोष अर्थिंगचा आहे, इंजिनचा नाही.

अर्थिंग ठीक असेल तर सगळे प्लग काढा. डिझेल असेल तर हीटर प्लग काढा. मग क्रँक पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून, इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं, हातानं फिरवा. चेहरा प्लगच्या भोकांवर आणू नका. एखाद्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली तर सिलिंडरमध्ये पाणी साचून इंजिन अडकलं होतं. ते सिलिंडर कोणतं ते लिहून ठेवा. पाणी निघालं आणि इंजिन मोकळं फिरलं म्हणजे सुटलो असं मात्र नाही. भोकातून सळई सोडून प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला किती येतो ते मोजा. एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा मिलिमीटरभर जरी खाली राहत असला तर रॉड वाकलाय, आणि मग विषय फक्त हेडपुरता राहत नाही.

पाणी नाही, पण फिरवताना दर वेळी एकाच ठिकाणी ठक्क करून अडतं? तिथे जोर लावायचा नाही. तो बहुधा पिस्टन-व्हॉल्व्हचा टोला असतो, म्हणजे टायमिंग चुकलंय. आणि सगळीकडेच जड जातंय, मध्ये कुठे सैल होत नाही, असं असेल तर कॅम किंवा बेअरिंग धरलंय. व्हॉल्व्ह कव्हर उघडून आधी कॅम बघा.

फिरतं, पण चालू होत नाही

सेल्फचा आवाज कान देऊन ऐका. निरोगी इंजिन लयीत, दम टाकत फिरतं. कॉम्प्रेशनच नसलेलं इंजिन पंख्यासारखं एकसुरी, भरभर फिरतं. हा फरक एकदा कानात बसला की निम्मं निदान गेज लावण्याआधीच होतं.

एकसुरी फिरत असेल तर सरळ टायमिंग बघा. क्रँक आणि कॅमचे मार्क एकदा जुळलेले दिसले म्हणून समाधान मानू नका. पान्यानं क्रँकचे पूर्ण दोन फेरे हातानं फिरवून मार्क पुन्हा जुळतात का ते तपासायचं, कारण टेन्शनर सैल असेल तर बेल्टचा ढिलेपणा फिरवल्यावरच उघड होतो. एक दात म्हणजे किती फरक? कॅमच्या चाकाला ४० दात असतील तर एका दाताला कॅम ९ अंश सरकतो आणि क्रँकच्या हिशेबात ते १८ अंश होतात. एवढ्यात इंजिन चालू होईलही, पण ओढणार नाही आणि तापेल. मल्टिजेटमध्ये अंदाजानं मार्क जुळवायचा प्रश्नच नाही. क्रँक आणि कॅम लॉक करायच्या पिना लागतात, आणि ‘मी नजरेनं लावलं’ असं कोणी सांगितलं तर टायमिंग पुन्हा तपासल्याशिवाय पुढचं काहीच करू नका. नव्या गाड्यांत स्कॅनर लावला तर पी००१६ हा कोड क्रँक-कॅमची संगती बिघडल्याचं सांगतो.

हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट ऑइलच्या दाबानं आपोआप भरणारे) असलेल्या इंजिनात आणखी एक भानगड असते. नवे किंवा धुतलेले टॅपेट बसवल्यावर ते दबून जागेवर यायला वेळ घेतात. तेवढ्यात सेल्फ मारला तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत, कॉम्प्रेशन शून्याजवळ दिसतं आणि डिझेलमध्ये पिस्टन लागण्याचीही भीती असते. कॅम बसवल्यावर निदान अर्धा तास थांबायचं, मग हातानं दोन फेरे आणि मग सेल्फ.

लय ठीक, पण आग लागत नाही, तर कॉम्प्रेशनऐवजी जोडण्या बघा. पेट्रोलमध्ये प्लगच्या वायरींचा क्रम (चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत १-३-४-२), कॅम सेन्सरचं कनेक्टर, अदलाबदल झालेली नोझलची कनेक्टर. डिस्ट्रिब्यूटरवाल्या जुन्या गाडीत डिस्ट्रिब्यूटर अर्ध्या फेऱ्यानं उलटा बसलाय का तेही. कार्बोरेटरमधून फटाका फुटतोय म्हणजे बहुतेक हेच. डिझेलमध्ये लाइननं एअर घेतलेली असते. हँड पंप असेल तर तो कडक होईपर्यंत मारा. कॉमन रेलच्या इंजिनात (मल्टिजेटसारख्या, एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या) मात्र जुन्या सवयीनं नोझलचा नट सैल करून ‘एअर काढायला’ जाऊ नका. त्या पाइपात हजार बारच्या वर प्रेशर असतं आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. तसं झालं तर जखम किरकोळ दिसली तरी तडक दवाखान्यात जायचं.

चालू होतं, पण मिसिंग मारतं, ओढत नाही

इथे मात्र वेळ द्या, कारण खरा निकाल इथेच लागतो.

कॉम्प्रेशन टेस्ट नीट करायची तर बॅटरी भरलेली, सगळे प्लग काढलेले, पेट्रोल आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा झटके. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान आकडे येतात. डिझेलला त्याच्या दुप्पट-तिप्पट येतात, तिथे पेट्रोलचा गेज लावला तर गेजच जाईल. एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर हरकत नाही.

आता आकडे वाचायचे. सगळे सिलिंडर सारखेच कमी असतील तर टायमिंग चुकलंय, नाहीतर गॅस्केट जास्त जाड बसलंय. शेजारशेजारचे दोन कमी आणि बाकीचे ठीक असतील तर त्या दोघांमधली गॅस्केटची भिंत धरत नाही, म्हणजे तिथला बोल्ट सैल आहे, किंवा हेड अथवा ब्लॉक तिथे खोलगट आहे. एकच सिलिंडर कमी असेल तर गॅस्केटवर जाण्याआधी त्याचे टॅपेट बघा. हेडचं फेसिंग आणि व्हॉल्व्ह सीट कटिंग झालं की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि जुनं टॅपेट सेटिंग घट्ट पडतं. थंडीत चालतं, गरम झाल्यावर मिसिंग सुरू होतं, हे घट्ट टॅपेटचं ठरलेलं लक्षण. फिलर गेज आणि पाव तास एवढ्यात सुटणाऱ्या या दोषासाठी लोकांनी अख्खी हेडं पुन्हा उतरवलेली आहेत.

कमी सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजलं आणि आकडा वर चढला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. गाडी तापलेल्या अवस्थेत रेटली असेल तर हे अगदी शक्य आहे, कारण जास्त उष्णतेनं रिंगांची स्प्रिंगसारखी ताकदच मरते. मग वर कितीही चांगलं हेड बसवा, खालचं इंजिन संपलेलं असतं. ही ऑइलची युक्ती डिझेलवर करू नका. तिथे पिस्टनवरची जागा इतकी कमी असते की चुकीचा निकाल येतो, आणि ऑइल जास्त पडलं तर इंजिन अडकतं.

कॉम्प्रेशन कमी आहे हे कळलं. ते कुठून जातंय यासाठी कॉम्प्रेसरची हवा वापरायची. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, गाडी गिअरमध्ये आणि चाकांना ओट. क्रँक पुलीवर पाना ठेवलेला असेल तर आधी काढा, हवेच्या जोरानं क्रँक फिरला तर हात मोडेल. मग प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि कान लावा. एअर फिल्टरकडे फुसफुस म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून म्हणजे रिंग. शेजारच्या प्लगच्या भोकातून आली तर मधलं गॅस्केट आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. मला विचाराल तर गॅस्केटच्या वादात या एका टेस्टइतकं भरवशाचं दुसरं काही नाही, आणि त्यासाठी लागणारा अडॅप्टर जुन्या प्लगची चिनीमाती फोडून वेल्डिंगवाल्याकडूनही करून घेता येतो.

तापतं, पाणी फेकतं

यात दोन शक्यता अगदी सारख्या दिसतात: सिस्टिममध्ये अडकलेली हवा, आणि सिलिंडरमधून पाण्यात घुसणारा गॅस. पहिलीसाठी हेड उतरवणं म्हणजे शुद्ध नुकसान.

हवा अडकली असेल तर काटा चढतो पण केबिनचा हीटर थंड हवा मारतो. काटा मध्येच उडी मारतो, कारण सेन्सर कधी पाण्यात तर कधी नुसत्या वाफेत असतो. गाडीचं नाक चढावर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून, ब्लीड स्क्रू असेल तर तो उघडून सावकाश पाणी भरा. थर्मोस्टॅटला छोटी झुलती पिन असेल तर ती वरच्या बाजूला यायला हवी. ती खाली बसवली की हवा सुटतच नाही.

गॅस घुसतोय का याची साधी परीक्षा सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर करा. झाकण घट्ट लावून इंजिन चालू करा आणि मिनिटभरात वरचा होज पाइप दाबून बघा. इतक्या लवकर उष्णतेनं प्रेशर येणं शक्य नाही. पाइप दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरचा गॅस पाण्यात जातोय. खात्रीसाठी निळ्या द्रवाची टेस्टर किट मिळते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढली की जळलेल्या गॅसमुळे द्रव पिवळट पडतो. पाणी थोडं कमी करून मगच ओढा, द्रवात कूलंट मिसळला की टेस्ट बाद.

पाणी कमी होतंय पण बाहेर कुठे थेंब नाही? रेडिएटरवर हातपंपवाला गेज लावून झाकणावर लिहिलंय तेवढं प्रेशर द्या, बहुधा ०.९ किंवा १.१ बार असतं, आणि रात्रभर सोडा. सकाळी प्लगच्या भोकातून मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा घाला. ज्या पिस्टनचा माथा धुतल्यासारखा स्वच्छ, तिथे पाणी येतंय. थंडीत प्रेशर टिकलं तरी तडा नाही असं समजू नका. व्हॉल्व्ह सीटांच्या मधला तडा गरम झाल्यावरच उघडतो, म्हणून हेडची प्रेशर टेस्ट गरम पाण्यात घेतात. सुरुवातीचा लेथवाल्याचा प्रश्न त्यासाठीच होता.

झाकणाचीही तपासणी करा. ०.९ बार धरणारं झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू ११८ अंशांच्या आसपास नेतं. ढिलं झाकण तेच पाणी १०० अंशांना उकळू देतं. नव्या गॅस्केटवर हजारो रुपये घालून जुनं झाकण तसंच ठेवलेल्या गाड्या नेहमी दिसतात. त्याच यादीत ८२ ते ८८ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून बघणं, फॅनचा रिले आणि वॉटर बॉडीची (पाण्याच्या पंपाची) पाती येतात. बोअरच्या जड पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीत रेडिएटरच्या नळ्या क्षारानं अर्ध्या बंद झालेल्या असतात. अशी गाडी गावात ठीक चालते आणि खंबाटकीच्या चढाला दुसरं गॅस्केट उडवते.

सायलेन्सरमधला पांढरा धूर पहिल्या अर्ध्या तासात आला तर आधीचं साचलेलं पाणी जळत असतं. इंजिन गरम होऊनही थांबला नाही, वास गोडसर आला, तर वरच्या परीक्षा करा. निळा धूर वेगळा, तो व्हॉल्व्हच्या ऑइल सीलचा किंवा रिंगांचा.

ठोका पडतो, किंवा वरून खरखर येते

व्हॉल्व्ह कव्हर किंवा ऑइलचं झाकण उघडून बघा, चालू इंजिनात वर ऑइल उडतंय का? कोरडं असेल तर ताबडतोब बंद करा. गॅस्केट उलटं बसलं असलं तर हेडकडे जाणारं ऑइलचं भोक झाकलं जातं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा त्यात कामाला येत नाही, कारण त्याचा स्विच बहुतेक गाड्यांत खाली ब्लॉकला असतो आणि ब्लॉकमध्ये प्रेशर असतं.

खालून जड ठोका येत असेल तर एकेक सिलिंडर बंद करून बघा. ज्याचा प्लग किंवा नोझलचं कनेक्टर काढल्यावर ठोका मऊ होतो, त्याचं बेअरिंग गेलंय. कॉमन रेलमध्ये कनेक्टर काढायचं ते इंजिन बंद करूनच. ऑइल फिल्टर कापून कागद उलगडा. चकाकी दिसली तर बेअरिंगचा निकाल लागला. नव्या हेडनंतर बेअरिंग का जावं? एक कारण म्हणजे ऑइलमध्ये गेलेलं पाणी. दुसरं कोणाच्या ध्यानात येत नाही: ब्लॉकचा माथा साफ करताना ग्राइंडरला लावलेली घासणीची चकती. तिच्यातली ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड ऑइलमध्ये जाते आणि बेअरिंग पॉलिश पेपरसारखं खाते. जनरल मोटर्सनं याच कारणासाठी आपल्या डीलरांना अशा चकत्या वापरू नका म्हणून कळवलं होतं. ब्लॉक धारदार पट्टीनं, भोकांत चिंध्या कोंबून, हातानंच खरवडायचा. तिसरं कारण सिलिकॉन: भरमसाठ लावलेल्या पेस्टचा गोळा सुटून इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरमधल्या जाळीत बसतो आणि ऑइल पंप उपाशी मरतो.

आता हेड उतरवा

एवढं करून बोट हेडकडेच गेलं तर उतरवा, पण बोल्ट सोडताना प्रत्येक किती जोरावर सुटला ते टिपत जा. एखादा हलक्या हातानं सुटला तर त्याच्याभोवतीचं गॅस्केट आधी बघा. बोल्टच्या बंद भोकात पाणी किंवा ऑइल आहे का? त्यावर बोल्ट आवळला की टॉर्क पाना खोटं बोलतो, आकडा येतो पण हेड दबत नाही, आणि कधी ब्लॉकच चिरतो. अंशांमध्ये आवळायचे बोल्ट ताणले जाण्यासाठीच केलेले असतात. ते पुन्हा वापरले असतील तर तोच दोष धरायला हरकत नाही.

जुनं गॅस्केट फेकू नका, ब्लॉकवर होतं तसंच ठेवून फोटो काढा. सिलिंडरच्या कडेची कडी काळी पडलेली असेल तर गॅस तिथून गेला. सगळीकडे छाप सारखा आहे आणि एकाच बाजूला फिकट आहे, तर तिथला पृष्ठभाग खाली आहे. सरळ पट्टी आणि ०.०५ मिलिमीटरचं पातं घेऊन हेड लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत तपासा. तेवढीच तपासणी ब्लॉकचीही करा, जी बहुतेक जण करतच नाहीत. पोलादी पत्र्यांच्या थरांच्या गॅस्केटला, ज्याला एमएलएस म्हणतात, आरशाच्या जवळ जाणारा गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. फेसिंगच्या रेघा नखाला लागत असतील तर हेड परत लेथवाल्याकडे. डिझेलमध्ये गॅस्केटच्या कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून जाडी जुन्याशी ताडा. ती पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावरून निवडायची असते, दुकानात जे शिल्लक असेल त्यावरून नाही.

हे सगळे आकडे, कॉम्प्रेशनपासून बोल्टपर्यंत, तारीख घालून एका कागदावर लिहा आणि मालक आणि मेकॅनिक दोघांनीही त्याचा फोटो आपापल्याकडे ठेवा. खर्च कोणाच्या अंगावर, हे बोलणं त्यानंतर करायचं, आणि हेड परत बसवण्याआधी.